दिवे लुकलुकतात, मंद होतात: दोष घरात, खांबावर की डीपीवर?

दिवे नुसते मंद होत असतील तर हा लेख सावकाश वाचा. पण काही दिवे मंद आणि काही नेहमीपेक्षा प्रखर झाले असतील, पंखा एकाएकी जोरात फिरू लागला असेल, तर वाचन नंतर. आधी मेन स्विच बंद करा.

असं होतं ते न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तुटल्यामुळं किंवा सैल झाल्यामुळं. फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये ४०० ते ४१५. न्यूट्रल मधेच सुटला की वेगवेगळ्या फेजवरचा लोड एकमेकांत अडकतो आणि हे चारशे व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ज्या बाजूला लोड जास्त तिकडं व्होल्टेज पडतं. जिकडं फक्त दोन बल्ब आणि टीव्ही चालू आहे तिकडं ते ३००च्या पुढं जातं. थ्री फेज मीटर असलेल्या घरात हे घरातल्या घरात होऊ शकतं. सिंगल फेजवालेही यातून सुटत नाहीत: गल्लीच्या लाईनवर किंवा डीपीवर (वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल सुटला तर एका घरात दिवे मिणमिणतात आणि शेजारच्या घरात फ्रीज जळतो. अशा वेळी १९१२ वर महावितरणकडे तक्रार करायची आणि वायरमननं जोड पक्का करेपर्यंत मेन चालू करायचा नाही. मधेच ‘आता बरं दिसतंय’ म्हणून तर नाहीच नाही.

आता बाकीच्या, रोजच्या तक्रारी.

आधी व्याप्ती ठरवा

पक्कड-टेस्टर काढण्याआधी कागद-पेन घ्या आणि दोन-तीन दिवस नोंद ठेवा. किती वाजता दिवे हलले, कुठल्या खोल्यांत हलले, त्या क्षणी घरात काय सुरू झालं, बाहेर वारा-पाऊस होता का. शेजाऱ्यालाही त्याच क्षणी फोन करून विचारा. दुसऱ्या दिवशी कुणालाच नक्की आठवत नाही. एका शेजाऱ्यावर थांबू नका, कारण त्याचं घर वेगळ्या फेजवर असू शकतं. तुमच्याच खांबावरून सर्व्हिस वायर (खांबापासून मीटरपर्यंतची वायर) घेतलेली दोन-तीन घरं विचारलीत तर उत्तर विश्वासाचं.

एवढ्या नोंदीतून निम्मं काम होतं. एकच दिवा हलत असेल तर दोष बल्बात किंवा होल्डरात. एक खोली किंवा एका बोर्डावरचं सगळं हलत असेल तर त्या बोर्डाच्या मागच्या जोडात. सगळं घर हलतंय आणि शेजारी ठीक आहेत, तर मेन बोर्ड, मीटर किंवा सर्व्हिस वायर. सगळी गल्ली हलत असेल तर घरात काही उघडण्याची गरजच नाही.

स्टॅबिलायझर आणायला आधीच पळू नका. सैल जोडावर स्टॅबिलायझर बसवला की तो कमी व्होल्टेज भरून काढण्यासाठी लाईनमधून जास्त करंट ओढतो, आणि तोच जोड आणखी तापतो.

एकच दिवा लुकलुकत असेल

तो बल्ब काढून दुसऱ्या खोलीतल्या होल्डरात लावा आणि तिथला चांगला बल्ब इथं. लुकलुकणं बल्बाबरोबर गेलं तर बल्ब बदला, विषय संपला. एलईडी बल्ब लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं ठीक चालून मग उघडझाप करायला लागला, तर त्याच्या आतलं ड्रायव्हर सर्किट तापून बंद पडतंय. बंद काचेच्या डोममध्ये, हवा न मिळणाऱ्या जागी हे लवकर होतं.

लुकलुकणं जागेवरच राहिलं तर होल्डर पाहा. पिन होल्डरमधल्या दोन पितळी पिनांखाली स्प्रिंग असते. जुन्या पिवळ्या बल्बांच्या उष्णतेनं ती ढिली पडते आणि पिन आत बसून राहते. बल्ब जरा दाबून फिरवला की लागतो, दार आपटलं की विझतो, हे तिचं लक्षण. पिनांची टोकं काळी पडली असतील तर घासत बसू नका, होल्डरच बदला.

जुन्या चोकच्या ट्यूबची टोकं काळी झाली की ट्यूब संपली. टोकं स्वच्छ असून ती नुसतीच फडफडत असेल तर आधी स्टार्टर बदलून पाहा. आणि एलईडी बल्ब दिव्याच्या डिमरवर लावला असेल तर साधा, डिमरसाठी न बनवलेला एलईडी तिथं लुकलुकणारच. त्या जागी साधं बटण बसवा.

बटण बंद असतानाही एलईडी अंधुक जळतो किंवा काही सेकंदांनी एकदा चमकतो, ही तक्रार हल्ली फार येते. बटणात छोटा इंडिकेटर दिवा असेल तर त्यातून जाणारा नाममात्र करंटही एलईडीला पुरतो, आणि तसं असेल तर घाबरण्याचं कारण नाही. पण इंडिकेटर नसेल तर बहुतेक वेळा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं असतं. म्हणजे बटण बंद करूनही होल्डरात फेज जिवंत राहते. बटण बंद आहे या भरवशावर बल्ब बदलताना ओलं बोट पिनेला लागलं तर झटका बसतो. ही वायरिंगची चूक आहे, ती वायरमनकडून उलटवून घ्या.

एक खोली किंवा एक बोर्ड

इथं जवळजवळ नेहमी दोषी असतो तो सैल स्क्रू किंवा पिळून टेप गुंडाळलेला जोड. वायरिंग करताना बोर्डाबोर्डातून न्यूट्रल लूप करून पुढं नेलेला असतो. त्यातला एक जोड ढिला झाला की पुढची सगळी खोली हलते. सैल जोडाला रोध जास्त, त्यामुळं तिथं उष्णता तयार होते, उष्णतेनं तांबं काळं पडतं, काळ्या थरानं रोध आणखी वाढतो. म्हणून हा दोष आपोआप कधी बरा होत नाही. सुरुवातीला पंधरा दिवसांतून एकदा लुकलुकणारा दिवा काही महिन्यांत रोज लुकलुकतो, आणि एके दिवशी बोर्डातून धूर येतो.

बोर्ड उघडण्याआधी हाताची मागची बाजू बोर्डाच्या झाकणावर ठेवा. एखादा भाग कोमट लागतोय का, जळक्या प्लास्टिकचा वास येतोय का, बटण दाबताना चरचर ऐकू येते का. यातलं एक जरी असेल तर तो बोर्ड त्याच दिवशी वापरातून काढा.

उघडायचाच असेल तर क्रम असा. मेन स्विच बंद करा. किटकॅट फ्यूज असेल तर तो काढून खिशात ठेवा, म्हणजे घरातलं कुणी नकळत लावणार नाही. इन्व्हर्टर असेल तर तो वेगळा बंद करा, कारण मेन बंद केल्याबरोबर तोच बोर्डात २३० व्होल्ट सोडतो. बरेच झटके नेमके इथं बसतात. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून चालतो का ते पाहून ठेवलेला असावा. मग बोर्डातल्या प्रत्येक स्क्रूला लावा. पायात कोरडी रबरी चप्पल, खाली लाकडी स्टूल. लोखंडी घोडा नको.

आत काय पाहायचं? वायरचं रबर जिथं तपकिरी, कडक किंवा वितळलेलं दिसेल तो जोड. प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहा. स्क्रूतून सरकली तर ती सैल आहे. काळी पडलेली वायर तशीच घट्ट करून काही उपयोग नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत, साधारण दोन-तीन इंच, मागं कापा. एक सेंटिमीटरभर रबर सोला, तारा पिळा, वायर बारीक असेल तर टोक दुमडून दुहेरी करा आणि मग स्क्रूखाली घाला. स्क्रू तांब्यावर बसला पाहिजे, रबरावर नाही. नवख्यांकडून ही चूक इतक्या वेळा होते की झाकण लावण्याआधी प्रत्येक स्क्रू पुन्हा पाहावा.

वायर कमी जाडीची असेल तर जोड कितीही पक्का केला तरी दिवा मंद होणारच. दिव्यांना एक किंवा दीड एमएम (म्हणजे चौरस मिलिमीटर), पॉवर सॉकेटला अडीच, गीझरला चार एमएम तांब्याची वायर असावी, आणि गीझरची वायर मेन बोर्डापासून स्वतंत्र आलेली असावी. जुन्या वाड्यांत आणि पत्र्याच्या घरांत दिव्याच्याच लूपमधून गीझर किंवा पाण्याची मोटर घेतलेली दिसते. तिथं लुकलुकणं थांबवायचं तर नवी वायर ओढणं हाच इलाज.

सगळं घर हलत असेल: व्होल्टेज कुठं पडतं ते मोजा

यासाठी टेस्टर पुरत नाही. टेस्टर फेज आहे की नाही एवढंच सांगतो. १७० व्होल्टलाही तो तसाच लागतो. डिजिटल मल्टीमीटर घ्या. त्याची चकती व्होल्टच्या खुणेवर, जिच्याशेजारी नागमोडी रेघ असते तिथं, ६०० किंवा ७५०च्या रेंजवर ठेवा. लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना हे दरवेळी पाहा. ती चुकून १० अँपियरच्या भोकात राहिली आणि तुम्ही सॉकेटमध्ये घातलीत, तर तो सरळ शॉर्ट होतो आणि मीटर हातात फुटू शकतो.

मेन स्विचचं झाकण नवख्यांनी उघडू नये. मीटर बोर्डाला सर्वात जवळचं सॉकेट निवडा. घरातला सगळा लोड बंद करून तिथलं व्होल्टेज लिहा. मग दूरच्या खोलीत मोठा लोड लावा: १००० वॅटची इस्त्री साधारण साडेचार अँपियर घेते, २००० वॅटचा गीझर पावणेनऊ. तो चालू असताना मीटर बोर्डाजवळच्या त्याच सॉकेटवर पुन्हा मोजा.

समजा आधी २२८ होतं आणि गीझर लावल्यावर २२४ झालं. चार व्होल्टची पड चालते. २२८ वरून २०५ झालं तर दोष मीटर बोर्डाच्या आधी, खांबाच्या बाजूला, किंवा बोर्डातच आहे: सर्व्हिस वायर, खांबावरचा जोड, मीटरचं टर्मिनल, मेन स्विच किंवा न्यूट्रल लिंक (सगळ्या न्यूट्रल वायरी एकत्र येतात ती पट्टी). आता तिसरं मोजमाप. लोड जिथं लावलाय त्या खोलीत, शेजारच्या सॉकेटवर मोजा. बोर्डाजवळ २२४ आणि खोलीत २०६ आलं, तर अठरा व्होल्ट घरातल्या वायरिंगमध्येच जळतायत, आणि तेवढी उष्णता कुठल्यातरी जोडावर किंवा बारीक वायरीत निघतेय. असं आकड्यात सांगितलं की वायरमनलाही पटकन कळतं.

लोड नसतानाच व्होल्टेज कमी असेल तर तो पुरवठ्याचा प्रश्न. लो-टेन्शन, म्हणजे साध्या घरगुती जोडणीच्या, ग्राहकाला २३०च्या सहा टक्के कमी-जास्त, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट मिळायला हवेत.

टेस्टरचा एक उपयोग मात्र इथं आहे. दिवे पूर्ण विझलेत आणि सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतोय, तर फेज येतेय आणि न्यूट्रल तुटलाय. चालू बटणांमधून फेज फिरून न्यूट्रलच्या वायरवर आलेली असते. अशा वेळी काळी, न्यूट्रलची वायर म्हणजे निर्धोक असं समजू नका.

मीटर आणि त्याचं सील याला हात लावायचा नाही. टर्मिनल जळल्याचं दिसत असलं तरी नाही. मीटरमध्ये ढवळाढवळ हा विद्युत कायदा २००३ खाली गुन्हा आहे, आणि मीटरच्या आत येणारी बाजू तुमच्या कुठल्याही स्विचनं बंद होत नाही. मीटरच्या पुढचं आपलं, मीटरपर्यंतचं महावितरणचं.

मळ्यातली घरं आणि लांब सर्व्हिस वायर

कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, कराड भागात काय किंवा तासगावच्या द्राक्षबागांत काय, अनेक घरं मळ्यात, खांबापासून लांब. तिथं बारीक अॅल्युमिनियम वायर शंभर मीटर ओढलेली असते. तिचा हिशोब एकदा करून पाहण्यासारखा आहे. चार एमएम अॅल्युमिनियमचा रोध किलोमीटरला ७.४१ ओहम. शंभर मीटर जाणं आणि शंभर मीटर येणं मिळून दोनशे मीटर, म्हणजे जवळपास दीड ओहम. दहा अँपियर ओढले की १५ व्होल्ट वायरीतच गेले. एक एचपीची सिंगल फेज मोटर चालू होताना क्षणभर ३० अँपियर ओढत असेल तर ४४ व्होल्ट गेले, आणि दिव्याला २३० ऐवजी १८६ उरले. मोटर चालू होताना दिवा दचकतो तो यामुळं. तिथंच दहा एमएमची वायर टाकली तर रोध ३.०८ ओहम प्रति किलोमीटर, आणि ती पड १८ व्होल्टवर येते. मोटर बदलायची नाही, वायर बदलायची.

अॅल्युमिनियमची वायर तांब्याच्या वायरीला नुसती पिळून जोडणं ही दुसरी नेहमीची चूक. दोन धातू एकत्र, त्यात पावसाचं पाणी, की जोडावर पांढरी पूड धरते आणि करंट अडतो. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या पावसात असा जोड फार टिकत नाही. दोन्ही धातूंसाठीचा बायमेटल लग किंवा कनेक्टर वापरा, आणि जोड छपराखाली घ्या. वाऱ्याबरोबर दिवे हलत असतील तर आधी बाहेर पाहा: सर्व्हिस वायर झाडाच्या फांदीला घासतेय का, खांबावरची जंप (दोन तारा जोडणारा तारेचा तुकडा) ठिणग्या टाकतेय का. रात्री लांबून ठिणगी स्पष्ट दिसते. फांदी तोडायला स्वतः चढू नका.

माण, खटाव, जत, आटपाडीच्या मुरमाड, कोरड्या भागात आणखी एक गंभीर प्रकार दिसतो. न्यूट्रल तुटल्यावर कुणीतरी अर्थिंगच्या सळईवरच काम भागवून दिलेलं असतं. उन्हाळ्यात जमीन वाळली की दिवे मंद होतात, आणि सळईच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतलं की उजळतात. असं होत असेल तर घर अर्थिंगवर चालतंय हे नक्की. त्या सळईभोवतीची ओली जमीन आणि अर्थिंगला जोडलेली प्रत्येक लोखंडी वस्तू झटका देऊ शकते. जनावरं तिथं दगावतात. पाणी ओतणं थांबवा, मेन बंद करा, न्यूट्रल जोडून घ्या.

इन्व्हर्टरमुळं होणारी उघडझाप

घरात टकटक आवाज येतो आणि दर मिनिटाला दिवे क्षणभर विझतात, तेव्हा वायरिंगला दोष देण्याआधी इन्व्हर्टरच्या मागचं बटण पाहा. ‘यूपीएस’ मोडमध्ये बहुतेक इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खाली लाईन सोडून बॅटरीवर जातात आणि व्होल्टेज वाढलं की परत येतात. संध्याकाळी व्होल्टेज १८०च्या आसपास घोटाळत असेल तर हा खेळ तासन् तास चालतो आणि बॅटरीचं आयुष्य खातो. मोड ‘नॉर्मल’वर टाका. फक्त त्या मोडमध्ये लाईट गेल्यावर कॉम्प्युटर बंद पडू शकतो.

गल्ली किंवा वस्ती सगळीच मंद

१०० केव्हीएचा डीपी प्रत्येक फेजला साधारण १३३ अँपियर देऊ शकतो. पाच एचपीचा एक थ्री फेज पंप फेजला सातेक अँपियर घेतो. म्हणजे अठरा पंप चालले की घरांसाठी काही उरत नाही. त्यात पंपांना ऑटो स्विच असले की लाईट आल्याबरोबर सगळे पंप एकदम उठतात. शेतीची लाईट आल्यावर पहिली काही मिनिटं दिवे झोपतात किंवा डीपीचा फ्यूजच उडतो तो याच गर्दीत. पंपाला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवला तर लाईनवरचा करंट कमी होतो, आणि ऑटो स्विच काढला तर वायरमनला पुन्हा पुन्हा डीपीवर यावं लागत नाही. हे दोन्ही एकट्यानं करून भागत नाही. डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं.

गिरणी किंवा वेल्डिंगच्या दुकानाच्या वेळेलाच दिवे हलत असतील, तर तुमची फेज आणि त्यांची लाईन एकच आहे. एकाच फेजवर घरं जास्त झाली असतील तर वायरमन काही घरं दुसऱ्या फेजवर घेऊ शकतो. डीपीत काठी घालून फेज बदलणं, किटकॅट काढणं-घालणं हे गावात सर्रास चालतं, आणि त्यात माणसं मरतात.

पुरानंतर

२०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगली-मिरजेच्या अनेक घरांत पाणी बोर्डाच्या वर गेलं. पाण्याखाली गेलेले एमसीबी (आपोआप पडणारे स्विच), बटणं आणि सॉकेट उन्हात वाळवून पुन्हा वापरले की काही महिन्यांनी आतला गाळ आणि गंज लुकलुकण्याच्या रूपानं बाहेर येतो. पुराच्या रेषेखालचं सगळं बदला. पाइपातल्या वायरी इन्सुलेशन टेस्टरनं तपासून घ्या. मल्टीमीटर त्यासाठी पुरेसा नाही.

तक्रार अशी लिहा

बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक, खांबाचा आणि डीपीवर रंगवलेला क्रमांक, तारीख-वेळ आणि मोजलेले आकडे लिहा: ‘संध्याकाळी ७.१५, लोड नसताना १७८ व्होल्ट, त्याच खांबावरच्या तीन घरांत हीच स्थिती.’ मल्टीमीटरचा फोटो जोडा. १९१२ वर किंवा महावितरणच्या ॲपवर नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. एसी किंवा गीझर नव्यानं घेतला असेल तर बिलावरचा मंजूर भार पाहून वाढीचा अर्जही त्याच वेळी द्या. डीपीची क्षमता वाढवायचा प्रस्ताव मंजूर भारावरच होतो, कागदावर नसलेला लोड त्यात धरला जात नाही. दाद मिळाली नाही तर पुढचा टप्पा ग्राहक तक्रार निवारण मंच. सातारा जिल्हा बारामती परिमंडलात येतो, सांगली कोल्हापूर परिमंडलात.

दुरुस्ती झाल्यावर गीझर लावून मीटर बोर्डाजवळचं व्होल्टेज पुन्हा मोजा आणि तो आकडा तारखेसह बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलना करायला तोच लागेल.